ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला कोणी? संगतीच्या परिणामाची सोपी उकल

जून-जुलैत पुण्यात शास्त्री रोडवर थोडा वेळ उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. एसटीनं आलेले वडील, हातात गादीची वळकटी, शेजारी नवी सॅक पाठीला लावलेला मुलगा आणि कॉट बेसिसवर ठरवलेली खोली. निघताना वडील दोनच गोष्टी सांगतात: वेळेवर जेव आणि संगत चांगली धर. पहिलीचं काय करायचं ते पोराला कळतं, तो मेस लावतो. दुसरीचं नक्की काय करायचं हे सांगणाऱ्या वडिलांनाही ठाऊक नसतं.

मी त्याच भागात स्पर्धा परीक्षेच्या नादात तीन वर्षं काढली. पोस्ट निघाली नाही. यंदा भाचा तिथे आला आणि आल्या आल्या त्यानं मला एक फॉरवर्ड पाठवला: तुम्ही ज्या पाच माणसांत सर्वाधिक वेळ घालवता, त्यांची सरासरी म्हणजे तुम्ही. खाली प्रश्न होता, "मामा, हे खरंय का? असेल तर कोणते पाच धरू?"

फोनवर एका वाक्यात देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाला अक्षरशः वर्गात, वसतिगृहात आणि परेड ग्राउंडवर नेऊन तपासलं आहे. निघालेलं उत्तर फॉरवर्डपेक्षा गुंतागुंतीचं आहे आणि जास्त कामाचंही.

म्हणीत काय म्हटलंय ते आधी बघू

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' शाळेत आपण ही म्हण वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकलो. तिच्यात दोन बारीक गोष्टी आहेत. एक, वाण आणि गुण वेगळे केलेत. शेजारच्या बैलामुळे पवळ्याचा रंग बदलत नाही, सवयी बदलतात. दुसरी गोष्ट 'बांधला' या शब्दात आहे. पवळ्यानं ढवळ्याची निवड केलेली नाही. मालकानं दावं धरलं आणि खुंटीला बांधलं.

हा दुसरा मुद्दा धरून ठेवा. संगतीवरचं निम्मं संशोधन एवढ्याच एका प्रश्नाभोवती फिरतं: बांधलं कोणी?

(आपण ही म्हण जवळजवळ नेहमी वाईट संगतीसाठीच वापरतो, हे मला नेहमी खटकत आलंय. चांगला गुण लागला की त्याचं श्रेय आपण संगतीला देत नाही, स्वतःच्या मेहनतीला देतो.)

जाड मित्रामुळे आपणही जाड होतो?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथे 1948 पासून हृदयरोगाचा एक प्रचंड अभ्यास चालू आहे. गावकऱ्यांची दर काही वर्षांनी तपासणी व्हायची आणि पुढच्या वेळी ते सापडावेत म्हणून जवळच्या मित्राचं नावही लिहून घेतलं जायचं. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या दोन संशोधकांच्या हाती ही नावं लागली. 12,067 माणसं, 32 वर्षांच्या नोंदी. 2007 मध्ये त्यांनी जाहीर केलं की एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते. भावंडं आणि नवरा-बायको यांच्यापेक्षाही हा आकडा मोठा होता. जगभर मथळे झळकले: लठ्ठपणा संसर्गजन्य आहे!

तुमच्या फोनवर येणाऱ्या 'पाच माणसांची सरासरी' छाप मजकुराला पुढे या अभ्यासाचा मोठा आधार मिळाला. पण इथे जरा थांबावं लागतं.

समजा, तीन मित्र एकदम भिजून घरी आले. ते एकमेकांमुळे भिजले असं आपण म्हणत नाही. पाऊस पडला म्हणून भिजले. दोन मित्र सारखे दिसतात त्यामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. एकाचा गुण दुसऱ्याला लागला, हे एक. दुसरं, ते आधीपासूनच सारखे होते म्हणून मित्र झाले. समाजशास्त्रात याला होमोफिली म्हणतात, आपण 'सारख्याला सारखं सापडतं' म्हणू. आणि तिसरं, दोघांवर एकच पाऊस पडला. म्हणजे एकच मोहल्ला, एकच वडापावची गाडी, गावात नव्यानं उघडलेलं एकच हॉटेल.

2008 मध्ये एथन कोहेन-कोल आणि जेसन फ्लेचर या दोघांनी एक खट्याळ काम केलं. तशाच प्रकारचं गणित त्यांनी शाळकरी मुलांच्या माहितीला लावलं आणि विचारलं, मुरुमं मित्रांमधून पसरतात का? डोकेदुखी? उंची? गणित म्हणालं, होय, पसरतात. उंच मित्र केले की उंची वाढते असं मानायला कुणी तयार होणार नाही. आजूबाजूच्या परिस्थितीचा वाटा हिशोबात धरल्यावर हे 'संसर्ग' विरून गेले.

याचा अर्थ संगतीचा परिणाम खोटा आहे असा नाही. नुसतं मित्रांकडे बघून तो मोजता येत नाही, एवढाच. पवळ्यानं स्वतःच खुंटी निवडली असेल, तर गुण लागला की आधीच होता, हे कळणार कसं? पवळ्याला बांधणारा मालक हवा.

चिठ्ठी टाकून मिळालेला रूममेट

असा मालक सापडला अमेरिकेत, न्यू हॅम्पशरमधल्या डार्टमथ कॉलेजात. तिथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खोलीतला जोडीदार जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखा दिला जात असे. ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञानं तिथल्या नोंदी तपासल्या आणि 2001 मध्ये निष्कर्ष मांडला. रूममेटचा मार्कांवर परिणाम होतो. फार मोठा नाही, पण होतो. विद्यार्थी-मंडळांत सामील व्हायचं की नाही, यावरही होतो. मुख्य विषय कोणता घ्यायचा, यावर मात्र होत नाही.

वाण नाही, पण गुण लागला. आपल्या म्हणीला परदेशातून आलेला इतका नेमका दाखला मी दुसरा पाहिलेला नाही.

भाच्यासाठी यातला अर्थ असा: तुझ्या आयुष्याची दिशा रूममेट ठरवणार नाही, पण तू किती वाजता उठतोस ते ठरवेल. आणि स्पर्धा परीक्षेत किती वाजता उठतोस ही काही किरकोळ बाब नाही.

अमेरिकी हवाई दलाच्या कोलोरॅडोतल्या अकादमीत तर ही बांधाबांधी आणखी कडक. नवीन मुलांचे साधारण तीस-तीसचे गट पाडतात, गट मुलांनी निवडायचा नसतो. राहायचं, जेवायचं, अभ्यास करायचा, सगळं त्याच गटात. स्कॉट कॅरेल आणि सहकाऱ्यांनी तिथे शारीरिक तंदुरुस्ती तपासली तेव्हा दिसलं की गटातल्या मित्रांची शाळेतली तंदुरुस्ती जशी, तसा नव्या मुलावर परिणाम होतो. आणि सर्वांत जास्त ओढ कुणाची? सर्वांत तंदुरुस्त मुलाची नव्हे, सर्वांत ढिल्या मुलांची.

म्हणजे 'सरासरी' हा शब्द इथेच गळून पडतो. पाच जणांच्या बेरजेला पाचनं भागून माणूस बनत नाही. पहाटे पळायला जाणाऱ्या चार जणांपेक्षा, "आज राहू दे ना यार" म्हणणाऱ्या एकाचं वजन अधिक पडू शकतं.

मग हुशार पोरांत नेऊन बसवायचं की झालं काम?

इथे या सगळ्या कथेतलं माझं सर्वांत आवडतं वळण येतं.

त्याच अकादमीतल्या आधीच्या आकड्यांवरून दिसत होतं की अभ्यासात कच्च्या मुलांना पक्क्या मुलांच्या गटात फायदा होतो. तेव्हा संशोधकांना वाटलं, मग वाट कसली बघायची? आपणच आदर्श गट बनवू. कच्ची मुलं मुद्दाम भरपूर पक्क्या मुलांबरोबर टाकली. गणितानुसार त्यांचे मार्क वाढायला हवे होते.

मार्क कमी झाले. चिठ्ठीनं पडलेल्या साध्या गटांतल्या कच्च्या मुलांपेक्षाही यांची कामगिरी खालावली. 2013 मध्ये हा निकाल छापून आला तेव्हा त्याची कारणमीमांसाही आली: त्या गटांत वरची मुलं होती आणि खालची होती, मधली फारशी नव्हती. झालं असं की वरची वरच्यांत बसली आणि खालची खालच्यांत. गोठा एक, पण बैलांनी आपापले कोपरे धरले.

कोणत्याही नावाजलेल्या क्लासच्या मोठ्या बॅचमध्ये बसलेल्याला हे नवीन वाटणार नाही. पालक भरमसाट फी भरून पोराला 'हुशार पोरांत' पाठवतात. पोरगं चौथ्या बाकावर, आपल्यासारख्याच गोंधळलेल्या तिघांबरोबर बसतं. डबाही त्यांच्यासोबतच खातं. कागदावर संगत राज्यातल्या सर्वोत्तम मुलांची असते. प्रत्यक्षात चौथ्या बाकाची असते.

संगत म्हणजे यादीत कुणाचं नाव आहे ते नव्हे, जेवताना समोर कोण बसतं ते.

टॉपरचं भाषण ऐकून चार दिवसांत हवा का जाते?

मधली मुलं नव्हती म्हणून प्रयोग फसला, यात दुसऱ्या एका कोड्याची किल्ली आहे. निकाल लागला की सत्कार समारंभ होतात, यशस्वी उमेदवार भाषणं करतात, आपण भारावून बाहेर पडतो आणि चौथ्या दिवशी पुन्हा जैसे थे. कधीकधी तर आधीपेक्षा वाईट वाटतं.

पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये हे कॅनडात तपासलं. अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाच्या एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं. पहिल्या वर्षाची मुलं उमेदीनं भारली. शेवटच्या वर्षाच्या मुलांवर तसा परिणाम झाला नाही. मजकूर एकच होता. फरक इतकाच की पहिल्या वर्षाच्या मुलाला वाटतं, अजून तीन वर्षं आहेत, मलाही जमेल. शेवटच्या वर्षाच्या मुलाची ती वेळ टळून गेलेली असते. आदर्श माणूस उपयोगी पडतो तो 'मी तिथवर पोचू शकतो' असं वाटण्याच्या अंतरावर असेल तोवरच.

केनियात, नैरोबीतल्या दांडोरा या गरीब वस्तीत छोटा धंदा करणाऱ्या बायकांवर झालेला प्रयोग याच अंगानं जातो. काहींना वर्गात बसवून व्यवसायाचं शिक्षण दिलं. काहींची गाठ त्याच वस्तीतल्या, धंद्यात मुरलेल्या बाईशी घालून दिली. वर्गात शिकलेल्यांच्या नफ्यात टिकाऊ वाढ दिसली नाही. मुरलेल्या बाईशी जोडलेल्यांचा नफा सरासरी 20 टक्क्यांनी वाढला, कारण माल स्वस्त कुठे मिळतो यासारखी अगदी गावठी, ताजी माहिती तिच्याकडे होती. आणि त्या भेटीगाठी थांबल्या तसा फायदाही ओसरत गेला. माझ्या मते निकालातला सर्वांत मोलाचा भाग हाच. संगतीचा गुण लसीसारखा एकदा टोचून राहत नाही. तो डब्यासारखा आहे, रोजचा रोज यावा लागतो.

आपल्या देशातलं उदाहरण आणखी ठसठशीत आहे. पश्चिम बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यात सरपंचपदाचं महिला आरक्षण गावागावांत आळीपाळीनं, लॉटरीसारखं फिरतं. पुन्हा तेच: बांधणारा मालक वेगळा. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आदी संशोधकांनी 495 गावांत पाहणी केली. ज्या गावांत लागोपाठ दोन खेपा बाई प्रमुख होती, तिथे मुलग्यांबद्दलच्या आणि मुलींबद्दलच्या आई-वडिलांच्या अपेक्षांमधलं अंतर 20 टक्क्यांनी कमी झालं, आणि किशोरवयीन मुलामुलींच्या स्वतःच्या अपेक्षांमधलं 32 टक्क्यांनी. मुलींचा घरकामातला वेळही घटला. गावात मुलींसाठी नोकऱ्या वाढल्याचं काही दिसलं नव्हतं. आपल्यासारखीच एक बाई ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसलेली रोज दिसत होती, एवढंच. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी आहेत, तेव्हा हा प्रयोग आपल्याही गावांत सुरूच आहे. बाईच्या नावावर नवराच कारभार हाकतो तिथे मुलींना काय दिसत असेल, तो वेगळा विषय.

बघा, इथे एकदा नाही, दोन खेपा लागल्या. आणि देशाच्या पंतप्रधानपदी बाई बसून गेल्याला कितीतरी वर्षं झाली होती. फरक पाडला तो गावातल्या बाईनं.

"म्हणजे आता जुने मित्र सोडायचे?"

व्यक्तिमत्त्व विकासाच्या भाषणांत इथे एकच ठरावीक सल्ला मिळतो: नकारात्मक माणसं आयुष्यातून काढून टाका. हा सल्ला मला उद्धट वाटतो, आणि चुकीचाही.

आमचा सहा जणांचा ग्रुप होता. कुणालाही व्यसन नव्हतं. सगळे सालस, आजारपणात एकमेकांना डबा नेऊन देणारे. दुपारी चारला अमृततुल्यावर चहाला जमायचो ते सहा वाजायचे. बोलणं अभ्यासाचंच असायचं: यंदा कट-ऑफ किती लागेल, आयोगानं तारीख का ढकलली, कुठल्या क्लासच्या नोट्स चालतात. एकच गोष्ट कुणी करत नव्हतं. उत्तर लिहून दुसऱ्याला तपासायला देणं. ते जरा आगाऊपणाचं वाटायचं. आमच्यापैकी एकही माणूस वाईट नव्हता. आमचा चारचा चहा वाईट होता.

आमच्यातला एक जण घरच्या अडचणीमुळे हडपसरला बहिणीकडे राहायला गेला. तिथे बँकेच्या परीक्षा देणाऱ्या दोघांबरोबर रोज घड्याळ लावून पेपर सोडवू लागला आणि दीड वर्षात बँकेत लागला. आम्ही बरीच वर्षं म्हणत होतो, संगत बदलली आणि सुटला बिचारा. आता वर सांगितलेली तीन कारणं लावून बघतो तेव्हा इतका छातीठोकपणा उरत नाही. कदाचित तो मुळातच आमच्यापेक्षा शिस्तीचा असेल. कदाचित बहिणीच्या घरी राहण्याचं दडपणच कामी आलं असेल. पण एक नक्की, चारचा चहा सुटला तो जागा बदलल्यामुळे. त्यानं आमच्याशी मैत्री तोडली नव्हती, अजूनही नाही.

माणसं सोडण्याऐवजी एक माणूस जोडला तरी बरंच होतं. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा 1951 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. दाखवलेल्या रेघेएवढी लांब रेघ तीन रेघांतून ओळखायची, एवढंच काम. खोलीतल्या सगळ्यांनी, आधी ठरल्याप्रमाणे, सरळसरळ चुकीची रेघ 'बरोबर' म्हणून सांगितली की ज्याच्यावर खरा प्रयोग चालला होता तो बिचारा एकटाही साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्या सुरात सूर मिसळायचा. मात्र खोलीत खरं बोलणारा एक, फक्त एक साथीदार बसवला की अशा चुका चौथ्या हिश्शावर यायच्या. बहुमत तेच होतं, एकटेपण गेलं होतं.

अहमदाबादला सेवा बँक या बायकांच्या सहकारी बँकेनं लहान धंदा करणाऱ्या बायकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं, त्यातही हेच दिसलं. काहींना एकटीनं यायला सांगितलं, काहींना मैत्रिणीला घेऊन. चार महिन्यांनी पाहिलं तर मैत्रिणीसोबत आलेल्यांनी कर्ज घेऊन धंदा वाढवण्याचं प्रमाण अधिक होतं. ज्या समाजांत बाईच्या बाहेर पडण्यावर जास्त बंधनं, तिथे हा फरक ठळक होता. ती मैत्रीण काही तज्ज्ञ नव्हती. ओळखीचीच होती, फक्त त्या खोलीत सोबत होती.

व्यसनाची गोष्ट मात्र वेगळी, ते इथे मान्य करायला हवं. दारू सोडू पाहणाऱ्यानं रोज त्याच अड्ड्यावर बसून निर्धार टिकवावा ही अपेक्षा क्रूर आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात 1935 मध्ये अशाच दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून झाली. तिथेही नवख्याला आधार देणारा असतो तो डॉक्टर नव्हे, त्याच्यापेक्षा काही पावलं पुढे गेलेला जुना पिणारा. तिथे अड्डा सोडावाच लागतो. पण चहाच्या टपरीला दारूच्या अड्ड्याचा न्याय लावायचं कारण नाही.

जवळचे मित्र न तोडण्याबरोबर लांबच्या ओळखी जपणंही आलं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात ओळखीतून नोकरी मिळालेल्या 54 जणांना विचारलं, ज्यानं सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारा होता 9 जणांच्या बाबतीत. अधूनमधून भेटणारा 30 जणांच्या, क्वचित भेटणारा 15 जणांच्या. कारण उघड आहे: जिवलग मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. आम्हा सहा जणांना मिळून एकच बातमी ठाऊक असायची, आणि ती सहा वेळा सांगितली जायची.

"हे सगळं पुण्या-मुंबईच्या पोरांसाठी. आमच्याकडे कुठून आणायची अशी माणसं?"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. संगत निवडता येणं ही बऱ्याच अंशी पैशानं मिळणारी सोय आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये अमेरिकेतल्या 7 कोटी 20 लाख फेसबुक वापरणाऱ्यांच्या मैत्रीचा नकाशा मांडला. त्यांचा अंदाज असा की गरीब घरातल्या मुलांना सुखवस्तू मुलांइतकी सुखवस्तू मैत्री लाभलेल्या परिसरात वाढता आलं, तर मोठेपणी त्यांचं उत्पन्न सरासरी 20 टक्क्यांनी अधिक असेल. ही मैत्री मुलं एकटी ठरवत नाहीत. शाळा कुठे आहे, घरभाडं किती, वर्गात कोणाला प्रवेश, यावर ती ठरते.

म्हणून शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के जागांचा वाद मला संगतीचाच वाद वाटतो. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर जवळच्या खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट दिली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. त्या काळात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भीती आडून आडून बोलली जायची: आपल्या मुलांना 'तसली' संगत लागेल.

अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीत नेमकं हेच तपासलं होतं. तिथे 2007 पासून महागड्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या, त्यामुळे एकाच शाळेत काही वर्ग मिश्र आणि वरचे वर्ग जुन्या पद्धतीचे अशी आयती तुलना मिळाली. श्रीमंत मुलांच्या गणिताला आणि हिंदीला धक्का लागला नाही, इंग्रजीचे मार्क किंचित घसरले. दुसऱ्या बाजूला ती मुलं अधिक उदार झाली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना वेगवान गरीब मुलाला डावलून संथ श्रीमंत मुलाला घेण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी झालं. गुण लागला म्हणायचा, की मुलं बाटली म्हणायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मोबाइलनं ही दरी बुजते का? थोडीफार. गावात बसून चांगलं शिकवणारा माणूस ऐकता येतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण पडद्यावरचा माणूस तुम्ही आज अभ्यासाला बसला नाहीत हे बघत नाही आणि दहा वेळा पुसून लिहिलेलं उत्तरही तुम्हाला दाखवत नाही, थेट अकरावं दाखवतो. गावात तालुक्याच्या वाचनालयात रोज सकाळी येणारा, तलाठी भरतीची तयारी करणारा एक अनोळखी मुलगा त्यापेक्षा जास्त उपयोगी पडू शकतो.

भाच्याला शेवटी काय सांगितलं

पाच माणसं शोधू नकोस, म्हटलं. अभ्यासिका शोध. आणि ती बघायला ॲडमिशनच्या दिवशी जाऊ नकोस, मंगळवारी दुपारी तीनला जा. बाहेर चपला किती आहेत आणि टपरीवर माणसं किती, ते बघ. माणूस धरायचाच तर कलेक्टर झालेला धरू नकोस, पूर्व परीक्षा निघालेला आणि मुख्यला अडकलेला धर. तुझ्या अडचणी त्याच्या अजून लक्षात असतील. त्याला 'मार्गदर्शन करा' म्हणू नकोस, कुणीही दचकतं. एक लिहिलेलं उत्तर दे आणि विचार, यात दोन मार्क कुठे जातील?

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. अभ्यासिका बरी मिळालीय, मेसची भाजी बेकार आहे. आणि एक अडचण.

"मामा, शेजारच्या टेबलावर एक जण आहे. म्हणतो रोज एक पेपर सोबत सोडवू, मला एकट्याला होत नाही. पण तो माझ्यापेक्षा बराच मागे आहे हो. तूच सांगितलं होतंस ना, ढिल्या माणसाची ओढ जास्त असते. नको म्हणू का?"

मी जरा अडकलोच. मग विचारलं, "किती वाजता बसतो तो?"

"पहाटे साडेपाचला येतो. मी पोचतो तेव्हा त्याचा अर्धा पेपर झालेला असतो."

"मग उद्यापासून साडेपाचला जा."